सहा तिथी, सहा झेंडे

भाऊबीज उलटली की तीन दिवसांनी कार्तिक शुद्ध पंचमी येते. त्या संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची कोर बऱ्यापैकी जाड झालेली असते. कोरीच्या आतल्या कडेला, जिथे उजेड संपून अंधार लागतो, तिथल्या एका दरीत त्या वेळी सूर्य उगवत असतो. दरीचं नाव टॉरस-लिट्रो. अपोलो १७ चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट ११ डिसेंबर १९७२ रोजी तिथे उतरले. त्यांनी रोवलेल्या झेंड्यावर चौदा-पंधरा दिवसांच्या रात्रीनंतर ऊन पडतं आणि त्याची सावली पश्चिमेकडे लांबच लांब पसरते.

षष्ठीला उजेड शांतिसागरात पोचतो, म्हणजे अपोलो ११ चे नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन उतरले तिथे. सप्तमीला डेकार्टच्या डोंगराळ पठारावर अपोलो १६ च्या झेंड्याला ऊन लागतं, अष्टमीला हॅडली दरीच्या काठावर अपोलो १५ च्या झेंड्याला, नवमी सरता सरता फ्रा माउरोच्या टेकड्यांत अपोलो १४ च्या झेंड्याला. दशमीला सूर्य वादळांच्या महासागरात शिरतो आणि अपोलो १२ चा झेंडा उजळतो. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे कार्तिकी एकादशी.

चंद्रावर माणसांनी आपल्या हातांनी रोवलेले झेंडे सहा, आणि पंचमी ते दशमी तिथीही सहाच. हा हिशेब मी एका रात्री पंचांग आणि चंद्राचा नकाशा शेजारी ठेवून मांडला. प्रत्येक तिथीला एकच झेंडा येतो हे दिसलं तेव्हा मी तो तीनदा तपासला. रीत सोपी आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्राच्या मध्यरेषेवर सूर्य उगवतो तेव्हा हे अंतर नव्वद अंशांचं असतं. एखादी जागा मध्यरेषेच्या जितके अंश पूर्वेला असेल, तितके नव्वदातून वजा करायचे आणि उत्तराला बारांनी भागायचं. शांतिसागरातली जागा साडेतेवीस अंश पूर्वेला आहे. नव्वदातून साडेतेवीस गेले की साडेसहासष्ट उरतात. त्याला बारांनी भागलं की साडेपाच येतात, म्हणजे सहावी तिथी चालू. पश्चिमेकडच्या जागांसाठी वजाबाकीऐवजी बेरीज. चंद्र आपल्याकडे पाहताना किंचित डुलतो, त्यामुळे एखाद्या महिन्यात अर्ध्यापाऊण तिथीचा फरक पडतो. सरासरीने हिशेब पक्का आहे.

आकाशदर्शनाला माणसं येतात तेव्हा चंद्र दाखवताना एक प्रश्न हमखास कानावर पडतो: झेंडा दिसतो का हो? दुर्बीण जितकी मोठी, तितकी विचारणाऱ्याची आशा मोठी. नाही म्हटलं की चेहरा पडतो. कधी त्या पडलेल्या चेहऱ्यामागून दुसरा प्रश्न येतो, मग ते गेले होते हे कशावरून? हा प्रश्न मला कधी वावगा वाटला नाही. पुरावा मागणं ही चांगली सवय आहे. उत्तर मात्र दोन मिनिटांत संपणारं नाही, म्हणून हा लेख.

आधी आपल्याला झेंडा का दिसत नाही ते पाहू. तो आहे दीड मीटर लांब आणि एक मीटरपेक्षा थोडा कमी रुंद. चंद्र आहे सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. पृथ्वीवरच्या दुर्बिणीपुढे पहिली अडचण हवेची. चांगल्या रात्रीसुद्धा हवेच्या थरथरीमुळे चंद्रावरचे एक-दोन किलोमीटरचे तपशील एकमेकांत मिसळतात. जुन्नर परिसरात गिरवली इथे पुण्याच्या आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, तिलाही हवेतूनच पाहावं लागतं. हवेच्या वर असलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे. तिला चंद्रावर नव्वद मीटरच्या आसपासची वस्तू जेमतेम वेगळी ओळखता येते. झेंडा नुसता एक ठिपका म्हणून वेगळा दिसायचा तर सुमारे १७० मीटर व्यासाचा आरसा लागेल. चिलीत उभी राहत असलेली जगातली सगळ्यांत मोठी दृश्यप्रकाशाची दुर्बीण ३९ मीटरची आहे. थोडक्यात, झेंडा पाहायचा तर चंद्रापाशीच जायला हवं.

तिथे जाण्याआधी त्या कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे सापडलं त्याची मुळं त्याच्या शिवणीत आहेत.

चंद्रावर कुठला झेंडा लावायचा, लावायचा की नाही, यावर नासामध्ये १९६९ च्या सुरुवातीला एका समितीने विचार केला. संयुक्त राष्ट्रांचा झेंडा लावण्याचाही विचार झाला होता. १९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, त्यामुळे झेंडा म्हणजे कब्जा असा अर्थ निघू नये याची काळजी होती. पुढे १९६९ च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच लिहून ठेवलं की हा झेंडा राष्ट्राच्या अभिमानाची खूण आहे, मालकीचा दावा नाही. निर्णय उशिरा झाला आणि काम आलं ह्यूस्टनच्या जॅक किन्झलर यांच्याकडे. ते तिथल्या तांत्रिक सेवा विभागाचे प्रमुख होते. चंद्रावर वारा नाही, नुसती काठी रोवली तर कापड लोंबत राहणार. किन्झलर यांना लहानपणी आई पडदे शिवायची ते आठवलं. पडद्याला वरून नेफा असतो आणि त्यातून दांडी जाते. त्यांनी झेंड्याच्या वरच्या काठाला तसाच नेफा घातला आणि त्यातून एक आडवी नळी सरकवली. झेंडा साधा नायलॉनचा, बाजारात मिळणारा, किंमत साडेपाच डॉलर. अॅल्युमिनियमच्या नळ्यांना पंचाहत्तर डॉलर लागले. उतरणाऱ्या यानाच्या इंजिनाची धग लागू नये म्हणून सगळं एका उष्णतारोधक वेष्टनात घालून शिडीच्या डाव्या बाजूला बांधलं. रॉकेट उड्डाणाच्या तळावर उभं असताना पहाटे चारच्या सुमाराला ते बसवण्यात आलं.

मला या हकिगतीतला नेफा फार आवडतो. इतक्या मोठ्या मोहिमेत एका बाईच्या शिवणकामाची आठवण शिरली आणि आजही ती चंद्रावर आहे.

आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवलं तेव्हा भारतात २१ जुलैची सकाळ होती, आठ वाजून सव्वीस मिनिटं. झेंडा लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. आपल्या आकाशात त्या वेळी चंद्र नव्हता, तो आदल्या रात्रीच मावळला होता. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ च्या ऑक्टोबरात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांनी तो क्षण रेडिओवर ऐकला आणि झेंडा वर्तमानपत्राच्या छायाचित्रात पाहिला. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि त्यांचे तिसरे सहकारी मायकल कॉलिन्स १९६९ च्याच ऑक्टोबरात जगाच्या दौऱ्यावर मुंबईलाही आले होते.

झेंडा लावताना दोन गोष्टी बिनसल्या. आडवी नळी पूर्ण बाहेर येईना, म्हणून कापडाला चुण्या पडल्या. छायाचित्रात झेंडा फडकल्यासारखा दिसतो तो या चुण्यांमुळे. दुसरं असं, की वरची धूळ मऊ आणि खालची जमीन घट्ट, त्यामुळे काठी काही इंचांपलीकडे आत जाईना. झेंडा यानापासून जेमतेम आठ मीटरवर होता. परत निघताना वरचं यान उडालं आणि इंजिनाच्या झोतात झेंडा पडताना ऑल्ड्रिन यांनी खिडकीतून पाहिला. पुढच्या मोहिमांनी झेंडे यानापासून अधिक दूर लावले.

ते दोघे खाली असताना कॉलिन्स चंद्राभोवती एकटे फिरत होते. ठरल्या जागेच्या काही किलोमीटर पुढे यान उतरलं होतं आणि नेमकं कुठे, हे ह्यूस्टनलाही सांगता येत नव्हतं. प्रत्येक फेरीत कॉलिन्स सेक्स्टंटला डोळा लावून खाली शोधायचे. त्यांना ते यान एकदाही दिसलं नाही. अवघ्या शंभरेक किलोमीटरवरून, सगळ्यांत तयारीच्या माणसाला. चंद्रावरची वस्तू शोधणं किती अवघड आहे हे मला त्या एका गोष्टीवरून कळतं.

जागा पक्की कळली ती प्रकाशाच्या साहाय्याने. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी झेंड्याखेरीज शंभर लोलकांचा एक परावर्तक ठेवला होता. तो आलेला प्रकाश आल्या दिशेलाच परत धाडतो. १ ऑगस्ट १९६९ रोजी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेने सोडलेल्या लेसर किरणांचा परतीचा प्रकाश मिळाला. अपोलो १४ ने असाच परावर्तक ठेवला, अपोलो १५ ने तीनशे लोलकांचा. या तीन जागा आज इतक्या बारकाईने ठाऊक आहेत की चंद्र दरवर्षी आपल्यापासून सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे त्यांच्यावरून मोजतात. परावर्तक सापडला की अंतराळवीरांनी काढलेल्या छायाचित्रांवरून यान, उपकरणं, पाऊलवाट, झेंडा, सगळ्यांची जागा आखता येते. राहतो तो एकच प्रश्न: झेंडा अजून उभा आहे का?

त्याचं उत्तर मिळायला २००९ साल उजाडलं. त्या जूनमध्ये निघालेलं नासाचं लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर चंद्रापासून पन्नास किलोमीटरवर फिरू लागलं. त्याच्या कॅमेऱ्याचं काम अॅरिझोना स्टेट विद्यापीठात मार्क रॉबिन्सन यांच्या गटाकडे होतं. जुलैत पहिली छायाचित्रं आली आणि यानांचे खालचे भाग ठिपक्यांसारखे दिसले. अपोलो १४ च्या जागी तर अंतराळवीरांच्या येण्याजाण्याने पडलेली वाट दिसली, पायवाट असते तशी. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, म्हणून वाट बुजलेली नाही. २०११ मध्ये यानाची कक्षा खाली आणली आणि काही जागांची छायाचित्रं वीस-पंचवीस किलोमीटरवरून घेतली. त्यांत बारीक तपशील उमटले.

तरीही झेंडा दिसणं सोपं नव्हतं. एका चित्रबिंदूत अर्धा मीटर मावतो. इंचभर जाडीची काठी त्यात कुठे दिसणार? आणि वरून पाहताना उभं कापड म्हणजे नुसती धार. मग शोध सावलीचा सुरू झाला. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असेल तर माणसाएवढ्या उंच झेंड्याची सावली दहा मीटरपर्यंत जाते, म्हणजे वीस चित्रबिंदू. रॉबिन्सन यांच्या गटाने एकाच जागेची सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेगवेगळ्या वेळची छायाचित्रं एकामागे एक लावली. खड्ड्याची सावली खड्ड्यातच फिरते. दगडाची सावली आखूड असते. पण अंतराळवीरांच्या नकाशात जिथे झेंडा दाखवलेला होता, नेमक्या त्या बिंदूभोवती एक सावली सूर्याबरोबर फिरत होती, सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. २०१२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. अपोलो १२, १६ आणि १७ च्या जागी सावल्या स्वच्छ दिसत होत्या. नायलॉनचं कापड इतकी वर्षं टिकलं याचं रॉबिन्सन यांनाही आश्चर्य वाटलं.

ती छायाचित्रं सर्वांसाठी खुली आहेत. संगणकावर मोठी करत गेलं की करड्या चौकोनांत यान ओळखू येतं, उपकरणं ओळखू येतात आणि बाजूला एक काळपट रेघ दिसते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. घड्याळ नसताना अंगणातल्या काठीची सावली पाहून वेळ सांगणाऱ्या पिढीतली माणसं मी पाहिली आहेत. इथे सावलीवरून काठी शोधली गेली.

आता तिथीच्या क्रमाने त्यांतल्या काही जागांवर पुन्हा एकदा नजर टाकू. पंचमीचा झेंडा शेवटच्या मोहिमेचा. अपोलो ११ च्या काळापासून ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात लावलेला झेंडाच सर्नन आणि श्मिट यांनी नेऊन तिथे रोवला. सप्तमीच्या झेंड्यापाशी जॉन यंग यांनी सलाम करताना उडी मारली, ती चार्ली ड्यूक यांच्या छायाचित्रात हवेत थबकली आहे. तिथे हवाच नाही, पण मराठीत दुसरा शब्द सुचत नाही. यंग तिथे असतानाच स्पेस शटलच्या खर्चाला मंजुरी मिळाल्याची बातमी त्यांना कळवण्यात आली आणि १९८१ मध्ये पहिलं शटल त्यांनीच नेलं. दशमीच्या झेंड्याची आडवी दांडी अडकेना, म्हणून पीट कॉनराड आणि अॅलन बीन यांचा झेंडा छायाचित्रांत खाली लोंबलेला दिसतो. त्याची सावलीसुद्धा पन्नास वर्षं तशीच लोंबत असणार.

राहिली षष्ठी. शांतिसागरात यान दिसतं, परावर्तक दिसतो, विवराकडे गेलेली आर्मस्ट्राँग यांची वाट दिसते. झेंड्याच्या जागी फिरणारी सावली मात्र नाही. ऑल्ड्रिन यांनी १९६९ मध्ये सांगितलं होतं ते त्रेचाळीस वर्षांनी छायाचित्राने खरं ठरवलं. सगळं जग ज्या झेंड्याचं छायाचित्र ओळखतं, तो आडवा पडला आहे. खरं सांगायचं तर मला या जागेवर सगळ्यांत जास्त विश्वास वाटतो. कोणाला खोटंच रचायचं असतं तर पहिला झेंडा पडल्याचं कोण सांगत बसलं असतं?

आणि ज्यांना अमेरिकेची छायाचित्रं पुरत नाहीत, त्यांच्यासाठी आपलं चांद्रयान आहे. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याने हॅडलीजवळ अपोलो १५ उतरलं तिथली विस्कटलेली माती टिपली होती. २०१९ पासून चांद्रयान-२ चा ऑर्बिटर शंभर किलोमीटरवरून फिरतो आहे. त्याचा ओएचआरसी हा कॅमेरा अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झाला. त्याच्या एका चित्रबिंदूत पंचवीस सेंटिमीटर मावतात. अपोलो ११ आणि १२ च्या यानांचे खालचे भाग या भारतीय कॅमेऱ्याने टिपले आहेत. पुढच्या वेळी कोणी दुर्बिणीपाशी प्रश्न विचारला तर मी इस्रोचं हेच छायाचित्र दाखवणार आहे.

चंद्रावर हरवलेलं शोधण्यात आपला एक माणूसही अग्रणी ठरला. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर कोसळला. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी नासाची आधीची आणि नंतरची छायाचित्रं घरी बसून ठिपक्यागणिक ताडून पाहिली, आणि आधी नसलेला एक ठिपका त्यांना सापडला. त्यांनी नासाला कळवलं. नासाने तपासून २ डिसेंबर २०१९ रोजी त्यांच्या नावानिशी जाहीर केलं. तो तुकडा मुख्य जागेपासून पाऊण किलोमीटरवर होता.

तिरंगाही चंद्रावर आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सोडलेला मून इम्पॅक्ट प्रोब दक्षिण ध्रुवाजवळ आदळला, त्याच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ अलगद उतरलं. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती, नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. अपोलो ११ उतरलं तेव्हाही सप्तमीच चालू होती. दोन्हीमागे एकच कारण: सूर्य नुकता उगवलेला असला की सावल्या लांब पडतात, खड्डे आणि दगड उठून दिसतात, आणि पुढे कामाला उजेड उरतो. चांद्रयान-३ च्या लँडरवर, त्याचंही नाव विक्रम, नासाचा एक छोटा परावर्तक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच अमेरिकी ऑर्बिटरने त्यावर लेसर टाकला आणि प्रकाश परत मिळवला.

झेंड्यांचा रंग आता कसा असेल? दुपारी तिथे १२० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं, पहाटेपूर्वी उणे १७० पर्यंत उतरतं. अतिनील किरण अडवायला हवा नाही. घराच्या गच्चीवर नायलॉनची दोरी दोन उन्हाळ्यांत पांढरी पडून कुरकुरीत होते हे आपण पाहतो. या कापडांनी सातशेच्या आसपास सूर्योदय पाहिले आहेत. लाल आणि निळा बहुतेक उडाले असतील. चीनने २०२४ मध्ये चांगअ-६ बरोबर चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उघडलेला झेंडा बेसॉल्ट खडकाच्या तंतूंनी विणला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. आपला सह्याद्री ज्या खडकाचा आहे, तोच हा बेसॉल्ट.

अपोलोच्या जागांपाशी आता पुन्हा यानं जाऊ लागतील, आणि त्याची मला धास्ती वाटते. उतरणाऱ्या यानाच्या झोताने उडालेली धूळ तिथे गोळीच्या वेगाने जाते, अडवायला हवा नाही. नासाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: अपोलो ११ भोवती ७५ मीटर आणि अपोलो १७ भोवती २२५ मीटर आत गाडी नेऊ नये. २०२० च्या शेवटी अमेरिकेने त्यांना कायद्याचा आधार दिला, पण तो अमेरिकेशी करार असलेल्यांनाच बांधतो. रायगडावर एखाद्या दगडाला हात लावायचा तर परवानगी लागते. शांतिसागरातल्या त्या वाटेवर उद्या कोणी चाक फिरवलं तर विचारणारं कोणी नाही. जगाने एकत्र बसून हे आधी ठरवावं, एखादं पाऊल पुसल्यावर नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

कार्तिकी झाली, पौर्णिमा झाली की हाच क्रम उलट सुरू होतो, सूर्यास्ताचा. वद्य पंचमीला चंद्र रात्री उशिरा उगवतो. त्या वेळी टॉरस-लिट्रोत सूर्य मावळत असतो आणि सर्नन यांच्या झेंड्याची सावली पूर्वेकडे लांबत जाते. षष्ठीला शांतिसागरात उजेड विझतो. दशमीच्या पहाटे वादळांच्या महासागरात शेवटची सावली उरते, थोडा वेळ. मग सहाही झेंडे पुन्हा पंचमी येईपर्यंत अंधारात.